चार खुर्च्यांचा पंचनामा

नोकरीत हाताखालून गेलेल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता चोर कोणत्या ठाण्यात सापडला, कोणता पंच कोर्टात फुटला, हे विचारलं तर मला जुन्या डायऱ्या काढाव्या लागतील. ही एक केस मात्र डायरी न उघडता सांगता येते. वर्दी उतरवून सात वर्षं झाली. मित्रमंडळींत जुन्या तपासांच्या गोष्टी निघाल्या की मी दुसऱ्याच सांगतो. ही सांगायला तोंड उघडत नाही.

त्या वेळी मी हुबळीतल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. घर धारवाडला, केलगेरीच्या बाजूला. आणि मला जुन्या खुर्च्यांचा नाद लागला होता.

सुरुवात एका पासपोर्टच्या चौकशीतून झाली. धारवाडात एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो होतो. त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती सागवानी खुर्च्या होत्या. नक्षी नाही, कोरीव काम नाही. खाली बारीक होत जाणारे, किंचित बाहेर झुकलेले पाय, पाठीला वेताची जाळी, आणि टेकलं की नेमकी पाठीच्या कण्याला आधार देईल अशी वळवलेली वरची पट्टी. प्राध्यापक म्हणाले, "साठ सालच्या आसपासच्या आहेत. नमुना परदेशातून आलेला, हात आपल्याच मेस्त्रींचे. त्या वेळी नव्या पद्धतीच्या इमारती बांधल्या जात होत्या, त्यात ठेवायला अशाच खुर्च्या करून घ्यायचे." मी त्या खुर्चीत दहा मिनिटं बसलो आणि घरी आल्यावर आमच्या लोखंडी खुर्च्या मला बघवेनात.

पुढे कळलं की बेंगळुरूचे व्यापारी या मालाला 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' म्हणतात आणि लोक शोधत फिरतात. मीही शोधू लागलो. बंद पडलेली कचेरी, रेल्वेचं जुनं क्वार्टर, कुणाचं तरी विकायला काढलेलं घर. खुर्ची उलटी करून बघायची, सांध्यात खिळा आहे की लाकडी खुंटी ते तपासायचं, वेतासाठीची भोकं हाताने पाडलेली आहेत का ते अंगठा फिरवून बघायचं, हे सगळं शिकलो. दोन-तीन वर्षांत माझ्याकडे सात खुर्च्या झाल्या, सातही वेगवेगळ्या. एकसारखा सेट मिळणं फार अवघड. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या भावाभावांत वाटल्या जातात, एखादीचा पाय मोडतो, एखादी दुकानात जाते आणि तिथेच राहते. एकसारख्या चार मिळाव्यात ही माझी फार इच्छा होती.

हुबळीच्या बाजारात जुन्या फर्निचरचा एक व्यापारी होता. घराणं मूळचं सांगलीकडचं, माझ्याशी घरच्यासारखं मराठीत बोलायचा. माझी आवड त्याने लगेच ओळखली. खुर्ची घरी पाठवायचा आणि पैशांचा विषय काढला की म्हणायचा, "बघू की ओ साहेब नंतर." ते नंतर कधी यायचं नाही. याला काय म्हणतात हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याच्यावर कारवाई केली असती. स्वतःच्या बाबतीत मी त्याला 'ओळख' असं नाव दिलं होतं.

एका रविवारी त्याने टेम्पोतून चार खुर्च्या पाठवल्या. चारही एकसारख्या, आणि प्राध्यापकांकडच्यापेक्षाही सुबक. बरोबर एक मेस्त्री आला होता. पंचावन्नच्या आसपासचा, कानामागे पेन्सिल. एक खुर्ची डगमगत होती, ती त्याने व्हरांड्यात बसून सरळ केली. बायकोने त्याला चहा आणि उप्पीट दिलं. मी त्याच्याशी दोनेक वाक्यं बोललो असेन, तीही खुर्चीच्या पायाबद्दल.

तो गेल्यावर सवयीप्रमाणे मी खुर्ची उलटी केली. बैठकीच्या खालून नवं कोरं काळं कापड ताणून ठोकलं होतं. जुन्या खुर्चीला खालून नवं कापड म्हणजे आत काहीतरी झाकलेलं आहे, इतकं मला कळत होतं. घरात पक्कड होती. मी ती आणली नाही. खुर्ची सरळ केली आणि टेबलाला लावली.

त्यानंतर चार महिन्यांनी एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या वसतिगृहाची तक्रार आली. कित्येक महिन्यांनी कोठी उघडली तेव्हा तिथल्या खाणावळीच्या वीस सागवानी खुर्च्या गेलेल्या दिसल्या. कुलूप शाबूत होतं. प्रत्येक खुर्चीवर बैठकीच्या खाली संस्थेची अक्षरं आणि नंबर डाग देऊन उमटवलेला होता. रायटर फिर्याद लिहून घेत होता आणि वर्णन ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांसमोर आमचं जेवणाचं टेबल आलं. त्या रात्री त्याच खुर्चीत बसून मी जेवलो. बायको म्हणाली, आज गप्प आहात. मी म्हटलं, काम आहे. खुर्ची उलटी केली नाही.

तिसऱ्या दिवशी खबर आली. गोकुळ रोडवर चहाची गाडी लावणारा एक जण आमचा जुना खबऱ्या होता. तो म्हणाला, "सर, पलीकडच्या गोडाऊनमध्ये एकसारख्या खुर्च्या ठेवल्यात. दार बंद ठेवून पॉलिश चाललंय." गोडाऊन कुणाचं, हे त्याने सांगायच्या आधीच मला कळलं होतं.

त्याच वेळी वरिष्ठांना सांगून तपास दुसऱ्याकडे देता आला असता. घरातल्या चार खुर्च्या जीपमध्ये घालून ठाण्यात आणता आल्या असत्या. फार तर बदली झाली असती, खात्याची चौकशी लागली असती. मी दोन पंच घेतले, हेड कॉन्स्टेबलला बरोबर घेतलं आणि सकाळी अकराला गोडाऊनवर गेलो.

आत सोळा खुर्च्या होत्या. मेस्त्री एका खुर्चीच्या पाठीला वेत भरत बसला होता. मला बघून तो उठला आणि ओळखीचं हसला. मी हसलो नाही. हेड कॉन्स्टेबलने पकडीने काळं कापड ओढलं. खाली संस्थेची अक्षरं होती. एकेक खुर्ची उलटी होत गेली आणि रायटर नंबर लिहीत गेला.

व्यापारी दुपारी स्वतःहून ठाण्यात आला. माझ्या केबिनचं दार लोटून तो समोर बसला. घाबरलेला दिसत नव्हता.

"साहेब, फिर्यादीत वीस लिहिल्यात म्हणे. माझ्याकडं सोळा मिळाल्या. उरलेल्या चारचं मी काय सांगायचं, ते तुम्हीच सांगा."

मी टेबलावरची फिर्याद उलटी करून ठेवली. तो पुढे म्हणाला, "मेस्त्री हॉस्टेलला जाऊन आलाय. मोजमाप घ्यायला मीच पाठवलं होतं, पण वॉचमननं बघितलंय ते त्याला. मला काय, त्यानं आणून दिल्या, मी घेतल्या. मी तरी कुणाकुणाला विचारत बसू?"

मला वाट दाखवून तो निघून गेला. वॉचमनला हाताशी धरून माल त्यानेच उचलला होता, हे त्या दिवशीही मला स्पष्ट दिसत होतं.

मेस्त्रीची चौकशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला सुरू झाली. ठाण्यातल्या मागच्या खोलीत टेबल होतं, माझ्यासाठी खुर्ची होती. त्याला मी जमिनीवर बसवलं. रायटर कोपऱ्यात, हेड कॉन्स्टेबल दारात. मेस्त्रीने सरळ सांगितलं की संस्थेने लिलावात विकल्यात असं त्याला व्यापाऱ्याने सांगितलं होतं, तो गेला, मोजमाप घेऊन आला, नंतर माल गोडाऊनला आला आणि त्याने दुरुस्त केला. "वीस केल्या साहेब. चौदांचे सांधे निखळले होते. सहा बऱ्या होत्या."

रायटरने मान वर करून विचारलं, "मग सोळाच कशा? बाकीच्या चार?"

हा प्रश्न मी विचारायला हवा होता. मी विचारला नव्हता म्हणून त्याने विचारला. मेस्त्रीने माझ्याकडे बघितलं. नजरेत ना राग होता, ना धमकी. मी काय म्हणतो याची वाट बघत होता इतकंच. आता तोंड उघडण्याची पाळी माझी होती.

मी म्हणालो, "बोल. चार कुठं आहेत?"

तो खाली बघू लागला. "माहीत नाही साहेब."

आणि मी त्याच्यावर हात उचलला. त्याने खोटं सांगितलं म्हणून नव्हे. त्याने मला सांभाळून घेतलं होतं, आणि ते मला सहन झालं नाही. हेड कॉन्स्टेबल पुढे आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बिडरी सर." म्हणजे सोडा. तो माझ्यापेक्षा वयाने मोठा होता आणि माझ्या घरी अनेकदा जेवून गेलेला होता. आमच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या त्याने पाहिलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी बायकोला फोन केला, की त्या चार खुर्च्यांना परत पॉलिश करायचंय, टेम्पो येईल, देऊन टाक. टेम्पो व्यापाऱ्याचा होता. केशवापूरच्या पलीकडे मेस्त्रीचं घर आणि घरामागे कामाची शेड. चार खुर्च्या त्या शेडमागे ताडपत्रीखाली ठेवल्या गेल्या. मग चौथ्या दिवशी मी मेस्त्रीचं निवेदन लिहून घेतलं: लपवून ठेवलेल्या चार खुर्च्या मी दाखवून देतो. मजकूर मी सांगितला, रायटरने कन्नडमध्ये लिहिला. मेस्त्रीने तो पूर्ण वाचला आणि सही केली. पंचांना घेऊन आम्ही शेडवर गेलो, ताडपत्री उचलली, पंचनामा केला. हेड कॉन्स्टेबलने त्या दिवशी आजारपणाची रजा टाकली होती. माझ्या हाताखाली असताना त्याने टाकलेली ती पहिलीच रजा.

पेपरला फोटो दिला. पुढे मांडलेल्या वीस खुर्च्या, मागे उभे आम्ही, मध्ये तोंड झाकलेला मेस्त्री. फोटोतला टॉवेल जरा घसरला होता. बायकोने सकाळी पेपर माझ्यासमोर ठेवला.

"हा तोच ना, खुर्च्या घेऊन आलेला?"

"कोण?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पेपर घडी करून ठेवला. ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. घरातल्या बाकीच्या सात खुर्च्यांना हात न लावता आठवडाभर आम्ही खाली पाट मांडून जेवलो. मग मी बाजारातून नव्या खुर्च्या आणल्या, पूर्ण पैसे देऊन.

मेस्त्री एकोणीस दिवस आत होता. जामीन झाला, दोषारोपपत्र गेलं. व्यापाऱ्याला मी साक्षीदार केलं. केस चार वर्षं चालली.

माझी साक्ष निघाली तोवर मी दुसऱ्या ठाण्यात गेलो होतो. मेस्त्रीच्या बाजूने मोफत कायदा मदतीतून मिळालेली एक तरुण वकीलबाई होती. फाइल नीट वाचून आली होती. शेवटी तिने विचारलं, "अशा प्रकारच्या खुर्च्या आपल्या घरी आहेत का?"

मी म्हणालो, "नाहीत."

त्या दिवशी ते खरं होतं. उरलेल्या सातही मी तोवर काढून टाकल्या होत्या.

"कधी होत्या का?"

सरकारी वकील उठले, प्रश्नाचा केसशी संबंध नाही म्हणाले. मॅजिस्ट्रेटनी प्रश्न नामंजूर केला. मी समोरचा ग्लास उचलून पाणी प्यायलो. मेस्त्री आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. मला वाटलं होतं तो माझ्याकडे बघत असेल. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या कठड्याचा निखळलेला सांधा बघत होता.

एक पंच फुटला आणि मेस्त्री संशयाचा फायदा मिळून सुटला. कागदावर केस संपली. पण मेस्त्रीचं काम लोकांच्या घरात असतं. कपाट दुरुस्त करायचं तर मालकीण त्याच्या हातात खोली सोपवून स्वयंपाकघरात जाते. ज्याचा फोटो चोर म्हणून छापून आला त्याच्या हातात खोली कोण सोपवेल? त्याची गिऱ्हाइकं गेली. नंतर मला समजलं की तो गोकुळ रोडवर एका कारखान्यात मालाची खोकी ठोकायला रोजंदारीवर जातो. खिळा न वापरता सांधा जुळवणारा माणूस दिवसभर खिळे ठोकत होता.

हे समजल्यावरही मी गेलो नाही. नोकरीत होतो हे कारण होतं. निवृत्त झाल्यावर पेन्शन मार्गी लागू दे हे कारण झालं. कारणं संपायला सहा वर्षं लागली. गेल्या वर्षी बायको आजारी होती, तेव्हा एकदा पडल्या पडल्या म्हणाली, "त्या मेस्त्रीकडं जाऊन आलात का?" जणू आदल्या दिवशीच विषय निघाला होता. ती बरी झाल्यावर मी गेलो.

दार मेस्त्रींच्या मुलीने उघडलं. ती एका दवाखान्यात नर्स आहे. मी नाव सांगितल्यावर तिने दार लावून घेतलं नाही, पण बाजूलाही झाली नाही. आतून आवाज आला, "येऊ दे गं त्यांना."

मेस्त्री खूप वाळले होते. मी त्यांना 'अहो' म्हटलं. ठाण्यात म्हटलं नव्हतं. सगळं सांगितलं, कापड ठोकलेलं बघून गप्प बसलो तिथपासून कोर्टातल्या उत्तरापर्यंत. ते ऐकत होते. सांगून झाल्यावर मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत? खुर्च्या माझ्या घरी आहेत, एवढं म्हटलं असतं तरी रायटरने ऐकलं असतं."

ते म्हणाले, "ऐकलं असतं ओ. पण लिवायला सांगणार कोण? तुम्हीच नव्हं?" मग म्हणाले, "आणि तुमच्या घरात मी खाल्लेलं होतं. मला वाटलं, तुम्ही स्वतःच सांगाल. चार दिवस वाट बघितली मी."

मी माफी मागितली. ते "बरं" म्हणाले. मुलगी मध्येच म्हणाली, "अप्पांना सांगून काय उपयोग? त्यांना माहीतच होतं. आत्ता जे बोललात ते कागदावर द्या. सहीनिशी."

मी विचारलं, "कशासाठी?" आयुष्यभर लोकांच्या सह्या घेतल्या. एखाद्याने कशासाठी विचारलं की मला राग यायचा.

"कशासाठी ते आम्ही ठरवू," ती म्हणाली.

त्या दिवशी मी कागद न देता परत आलो. दोन महिने लागले. पेन्शन, मुलांची तोंडं, गावातलं नाव, सगळ्यांचा हिशेब मनात होऊन गेला. अखेर लिहिलं. मराठीत एक, कन्नडमध्ये एक. हुद्दा, ठाणं, गुन्हा नंबर, सगळं घातलं आणि घेऊन गेलो.

मेस्त्रींनी चष्मा लावून प्रत्येक ओळीवर बोट ठेवत वाचलं. दुसऱ्या पानावर बोट थांबलं. मी लिहिलं होतं: चौकशीदरम्यान मी त्यांना एकदा मारले.

"एकदा नव्हं," ते म्हणाले. "तीनदा."

मी आठवायचा प्रयत्न केला. मला खरंच एकच थप्पड आठवत होती. मी म्हणणार होतो, की मला तसं आठवत नाही. मग त्यांचा चेहरा बघितला. ते वाद घालत नव्हते. सांध्याचं माप चुकलं तर सांगावं, तितक्याच साधेपणाने सांगत होते. मी पेन काढलं, 'एकदा' खोडलं, वर 'तीन वेळा' लिहिलं आणि खोडलेल्या जागी बारीक सही केली. तसा नियम आहे.

कबुली देणारा माणूस पहिल्यांदा आकडा कमीच सांगतो, हे मी नव्या सबइन्स्पेक्टरांना वर्षानुवर्षं शिकवत आलो. चोरीच्या दहा वस्तू असतील तर सहा सांगेल, तेव्हा पहिल्या कबुलीवर थांबू नका. ते मी आरोपींबद्दल सांगायचो. माझ्याच कबुलीत ते निघेल असं वाटलं नव्हतं. आता रात्री झोप लागत नाही तेव्हा मी इतर केसेस आठवतो आणि त्यांतले आकडे तपासतो. कुणाकुणाला किती वेळा मारलं, कुणाच्या तोंडी कोणतं वाक्य घातलं. प्रत्येक ठिकाणी मला 'एकदा' एवढंच आठवतं. त्यावर माझा विश्वास राहिलेला नाही.

या केसने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मोठं काही सांगता येणार नाही. पक्कड घरात होती आणि मी ती आणली नाही. पुढचं सगळं तिथून झालं.

मुलीने दोन्ही कागद प्लास्टिकच्या फाइलीत घातले. त्याच वकीलबाईंकडे दाखवणार आहे म्हणाली. त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. बोलावणं येईल तेव्हा मी हजर राहीन, आणि 'कधी होत्या का' या प्रश्नाचं उत्तर देईन.